बर्कल सरांचा ब्रेक

कुणी माझ्याशी एकदम गोड बोलायला लागलं की मी आधी गल्ल्याचा खण लावून घेते. स्वभाव आहे माझा, काय करू? लाइल, म्हणजे माझा नवरा, म्हणतो, "वर्ना, तुला कावीळ झालीय. सगळं जग पिवळं दिसतंय." दिसू दे! न्याहारीचं हॉटेल चालवण्यात जन्म गेला माझा. कुणाचं बायकोशी वाजलंय आणि कुणाचा मका पावसात भिजलाय हे मला तो अंडी कशी मागतो त्यावरून कळतं. तेव्हा ऑरिन बर्कलवर मला संशय आला, तो काही हवेतून आला नव्हता.

ऑरिन आमच्या शाळेत गाडी शिकवायचा. गावात साठीच्या आतला जो कोणी गाडी चालवतो तो त्याच्याच हाताखालून गेलेला, म्हणून नोकरी संपली तरी सगळ्यांचा तो बर्कल सरच. शाळेची ती करडी गाडी मला अजून आठवते. शिकाऊ पोराच्या पायाशी ब्रेक असतो, तसाच एक दुसरा ब्रेक शेजारच्या सीटपुढे होता, ऑरिनच्या पायाशी. पोरं काहीही करोत, हा माणूस ओरडायचा म्हणून नाही. हात मांडीवर, तोंडात पेपरमिंटची गोळी आणि नजर पोराच्या डोळ्यांवर. रस्त्यावर नाही हं, पोराच्या डोळ्यांवर! मला तो तेव्हापासून खटकायचा. ओरडणाऱ्याच्या पोटातलं ओठावर तरी येतं. न ओरडणाऱ्याचं काय समजायचं?

त्यात आमच्या डीनला त्याने बाकीच्या पोरांपेक्षा जास्त दिवस शिकवणीत अडकवून ठेवलं होतं. मी जाऊन विचारलं तर म्हणाला, "थोडा सराव राहिलाय." एवढंच. पुढे एक अक्षर नाही. माझ्या पोरात काय कमी आहे ते तोंड उघडून सांगायला याचं काय जात होतं? ते मी मनात ठेवलं. आता डीनचा पोरगा, माझा नातू कोल्टन, विद्यापीठात आमच्याकडचा तो चेंडू बगलेत मारून धडका द्यायचा फुटबॉल खेळतो, एवढी वर्षं उलटली, तरी ते माझ्या मनात होतंच.

ऑरिनची बायको आर्डिस गेली आणि त्याच्या पुढच्या शरदात टीव्हीवाले गावात आले. शनिवारी त्यांना आम्ही नको असतो, शनिवार मोठ्या विद्यापीठांचा. पण नोव्हेंबरातले मंगळवार-बुधवार रिकामे पडतात, आणि रिकाम्या पडद्यावर काहीतरी दाखवायला तर हवं! तेव्हा आमच्यासारख्या लहान विद्यापीठांची आठवण होते. मग आख्खं गाव इकडचं तिकडे होतं. चर्चचं बुधवारचं जेवण गुरुवारी जातं, पाद्रीबुवा कुरकुरतात आणि सगळ्यांच्या आधी मैदानावर हजर असतात. कॅमेरे पश्चिमेच्या इमारतीवर, म्हणून आम्ही सगळे पूर्वेच्या बाकांवर दाटीवाटीने बसतो. कॅमेऱ्यात गर्दी दिसायला हवी ना. पश्चिमेचे बाक ओस, आणि पश्चिमेचा वारा थेट आमच्या थोबाडावर. पण ॲरिझोनाहून कुणाच्या तरी बहिणीचा फोन येतो, "अगं, तुझी पिवळी टोपी दिसली!" की थंडीचं सोनं होतं.

या टीव्हीवाल्यांना एक गावातलाच माणूस हवा होता. डोक्यावर लाल टोपी, कानात यंत्र, आणि मैदानाच्या रेषेवर उभं राहायचं. बाहेर उभ्या टीव्हीच्या गाडीतून कानात सांगितलं की खेळ थांबला असेल तेव्हा दोन पावलं आत यायचं आणि छातीवर हातांची फुली करायची. पंच ते बघतो, खेळ तसाच थांबवून ठेवतो, घरोघरी जाहिराती सुरू. पोरं तोंडातून वाफा सोडत उभी. गाडीतून पुन्हा सांगितलं की हात खाली, खेळ चालू. हे काम ऑरिनने घेतलं. म्हणजे आख्ख्या मैदानाच्या शिव्या खायचं काम! "अरे, हलव ना ते हात! गोठलो इथे!" असं पाद्रीबुवांपासून पोराटोरांपर्यंत सगळे ओरडायचे. ऑरिन फुली करून शांत उभा. मी लाइलला म्हटलं होतं, "मजा वाटत असणार बघ त्याला. एवढ्या सगळ्यांना एका जागी थांबवायचं म्हणजे काय!"

गावाची तर पक्की समजूत झाली होती, की खेळ कधी थांबवायचा ते ऑरिनच ठरवतो. टीव्हीची गाडी काही कुणाला दिसत नाही, दिसते ती टोपी. मग ज्याच्या डोक्यावर टोपी, त्याच्याच नावाने शिमगा.

आता त्या बुधवारचं सांगते. सामना एस्टरविलशी. आमच्या संघाचं नाव बगळे, त्यांचं काय ते मी तोंडावाटे काढत नाही. आम्हा दोघांत एक पितळी बीट आहे. साखरेच्या बीटावर दोन्ही गावं जगली, म्हणून जो जिंकेल त्याने वर्षभर ते बीट कपाटात मिरवायचं. ते कित्येक वर्षं तिकडेच धूळ खात पडलं होतं. यंदा मात्र आमची पोरं चांगली होती आणि कोल्टनचं हे शेवटचं वर्ष. आघाडीच्या फळीत, समोरून धावून येणाऱ्यांना अंगावर घेऊन अडवायचं, हे त्याचं काम. चेंडू घेऊन पळणाऱ्याचं नाव पेपरात येतं, अडवणाऱ्याचं फक्त आजीला माहीत असतं.

लाइलचा गुडघा गेलाय, तो घरीच. टीव्हीवर बघतो आणि भरवसा नको म्हणून ते सगळं साठवूनही ठेवतो. माझ्या शेजारी डॅरल हफ बसला होता, बियाण्यांच्या दुकानाचा मालक. त्याच्या घशात भोंगाच आहे. आम्ही कोंबडीचा चुरा भरलेला पाव खात होतो, बर्फ भुरभुरत होता, आणि शेवटच्या सत्रात आम्ही फक्त तीन गुणांनी मागे, चेंडू आमच्याकडे. एस्टरविलवाले दमले होते. त्यांचा तो नव्वद नंबरवाला धिप्पाड गडी गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होता. एका चढाईत चेंडू इतका काठावर पडला की चढाई चालू ठेवायला लागणारं अंतर पुरलं का ते साखळी आणून मोजावं लागलं. आम्ही सगळे उभे राहून त्या साखळीकडे बघत होतो. पुरलं! बोटभर जास्तच! आता त्यांची हद्द हाकेवर. पूर्वेचे बाक नुसते थरथरत होते.

आणि पंचाने ऑरिनकडे बघितलं, तर ऑरिन दोन पावलं आत आला आणि त्याने छातीवर फुली केली.

"आत्ता?" डॅरल किंचाळला. "सर! अहो, आत्ता?"

जाहिरातीची एक विश्रांती शिल्लक होती म्हणे, पण आमची चढाई रंगात आलेली असताना, ऐन मोक्याला? पोरं थंडीत उभी राहिली. नव्वद नंबरवाल्याने पाणी प्यायलं, पाठ सरळ केली, हसलासुद्धा मेला. खेळ सुरू झाला तेव्हा फळीत कोल्टन नव्हता. त्याच्या जागी दुसऱ्या वर्षातलं एक कोवळं पोर उभं केलेलं. नव्वद नंबरवाला त्याच खिंडारातून आत घुसला, चेंडू सुटला, आणि त्यावर एस्टरविलच्या हिरव्या कपड्यांचा ढीग पडला. संपलं. बीट पुन्हा एस्टरविललाच राहिलं.

फाटकाशी कोल्टन भेटला. लंगडत होता. "पोटरी आखडली, आजी. थंडीत उभं राहून," तो म्हणाला आणि कपडे बदलायच्या खोलीकडे निघून गेला. नीट माझ्याकडे बघितलंही नाही.

"काकू," डॅरल माझ्या कानाशी आला, "सरांची पोरगी कुठे दिलीय?"

"एस्टरविलला," मी म्हटलं. "जोलीन. नवरा दातांचा डॉक्टर आहे. हिरवा स्वेटर घालून पहिल्या रांगेत बसतो."

"मग! कुंपणच शेत खातंय की!"

मला ते पटलं. का नाही पटणार? माझ्या नातवाचा पाय आखडला, तो कुणामुळे?

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेल गच्च भरलेलं आणि सगळ्यांच्या तोंडी एकच विषय. इतक्यात लाइलचा फोन. लाइलला ऐकू कमी येतं, म्हणून तो जगालाच बहिरं समजून बोलतो. "वर्ना! मी कालचं पुन्हा बघितलं! अगं, तिथे जाहिरात लागलीच नव्हती! ते दोघे बोलणारे नुसतेच हवापाण्याच्या गप्पा मारतायत. 'आपण का थांबलोय बरं?' म्हणतायत!"

फोन माझ्या कानाशी, पण ऐकलं सगळ्या हॉटेलने. म्हणजे गाडीतून कुणी सांगितलंच नव्हतं. ऑरिनने आपल्या मनाने खेळ थांबवला होता!

आणि तेवढ्यात दार उघडून ऑरिनच आत आला. नेहमीच्या वेळेला, नेहमीसारखे बूट झटकून. माझ्याकडे भिंतीला खुंट्या आहेत, रोजच्या गिऱ्हाइकांचे कप त्यावर नावानिशी टांगलेले. त्याने आपला कप काढला, स्वतःच कॉफी ओतून घेतली आणि बसला.

डॅरल उठला. "सर, एक विचारू? काल गाडीतून तुम्हाला सांगितलं होतं थांबवायला?"

"नाही," ऑरिन म्हणाला.

"मग का थांबवलंत?"

"चूक झाली."

"चूक? कसली चूक? काय, झोप लागली होती?"

"माझी चूक," ऑरिन म्हणाला आणि कॉफी पिऊ लागला. ना मान खाली, ना डोळ्यांत पाणी, ना एखादी सबब. ताकास तूर लागू देईल तर शपथ! माझं डोकं फिरलं. मी टेबलापाशी गेले, त्याच्या हातातला कप घेतला, उरलेली कॉफी मोरीत ओतली आणि कप खाली खोक्यात टाकला. माझ्याकडे कप खाली उतरतो तो माणूस मेल्यावर नाहीतर गाव सोडून गेल्यावर. जिवंत माणसाचा मी पहिल्यांदाच उतरवला.

"बरं," ऑरिन म्हणाला. खुर्ची आत सरकवून ठेवली आणि गेला. त्या 'बरं'चाच मला जास्त संताप आला.

आठवडा संपायच्या आत डॅरलने बातमी आणली. टीव्हीवाल्यांनी टोपी काढून घेतली. पुढच्या मंगळवारी बाहेरचा माणूस येणार. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, हात काही खिशात ठेवले नव्हते.

रविवारी कोल्टन जेवायला आला. कुस्करलेल्या बटाट्यावर कोंबडीच्या नूडल्स, हा त्याचा जीव की प्राण. पण पोरगं खिडकीकडे पाठ करून बसलं. डोळ्यांवर काळा चष्मा, नोव्हेंबरात! टीव्ही लावला तर म्हणे, "बंद कर ना आजी." ताटातलं चिवडत बसला. माझ्या नाकाला वास आला, इथे कुठेतरी पाणी मुरतंय. तो उठून हात धुवायला निघाला तेव्हा मी बघितलं. डावा पाय ओढत होता. आणि बुधवारी फाटकाशी? उजवा!

"कोल्टन," मी म्हटलं, "वरच्या फळीवरचा तो डबा काढ रे."

तो चवड्यांवर उभा राहिला. दोन्ही पायांच्या. आरामात.

"आता सांग," मी म्हटलं, "आखडलेला पाय कुठला?"

त्याने आधी डाव्याकडे बघितलं, मग उजव्याकडे. मग मटकन खुर्चीत बसला आणि एवढं धिप्पाड पोर रडायला लागलं. मग त्याने सांगितलं. साखळी आणायच्या आधीच्या चढाईत त्याचं डोकं कुणाच्यातरी गुडघ्यावर आपटलं होतं. शिरस्त्राण होतं, तरी आतून सगळं हललं. त्यानंतरचं त्याला धड आठवतही नव्हतं.

"मी म्हणे त्यांच्या घोळक्यात जाऊन उभा राहिलो, आजी. हिरव्यांच्या! त्यांच्यातलाच एक म्हणाला, भाऊ, तू तिकडचा."

आम्ही हजारो माणसं तेव्हा साखळीकडे बघत होतो. एकच माणूस पोराकडे बघत होता.

"बर्कल सर माझ्या समोरच होते म्हणे," तो म्हणाला. "त्यांनी खेळ थांबवला आणि आमच्या संघाच्या डॉक्टरीणबाईंना जाऊन म्हणाले, चौसष्ट नंबरचे डोळे बघा. त्यांनी बघितले आणि मला बसवूनच ठेवलं. नंतर इस्पितळात म्हणाले, आणखी एक धक्का बसला असता तर..."

पुढचं मला ऐकायचंच नव्हतं. पुढचाच धक्का नव्वद नंबरवाल्याचा होता. त्या खिंडारात त्या क्षणी माझं पोर उभं असतं.

"अरे गाढवा, मग सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? एवढं गाव बघत असताना मी भंजाळलो म्हणून? बाबा मला मैदानाजवळ फिरकू देणार नाहीत. आणि सगळे म्हणतील, कोल्टनमुळे बीट हुकलं."

"आणि आता ऑरिनमुळे हुकलं म्हणतायत ते?"

मी नूडल्सचं पातेलं झाकलं, कोट चढवला आणि तडक ऑरिनकडे गेले.

तो स्वयंपाकघरात बसून पक्ष्यांच्या दाण्याची पेटी दुरुस्त करत होता. दाराशी एक खिळा होता, त्यावर लाल टोपी असायची. रिकामा होता. मी पातेलं टेबलावर आपटलं.

"मला कळलंय," मी म्हटलं. "तोंडाला कुलूप का लावलंस तू? माणसाला तोंड दिलंय ते कशाला?"

"बस, वर्ना."

"बसत नाही! टीव्हीवाल्यांना काय सांगितलंस?"

"कानात आवाज आल्यासारखं वाटलं म्हटलं. म्हाताऱ्याचे कान गेले, असं समजले ते." तो जरासा हसला. "त्यात खोटं फारसं नाही."

"ती टोपी तुला आवडायची." हे मी विचारलं नाही, सांगितलं. आर्डिस गेल्यापासून वर्षात त्या थोड्या संध्याकाळीच हा माणूस इस्त्रीचा सदरा घालायचा, हे मला माहीत होतं. लाँड्री माझ्या हॉटेलासमोरच आहे.

"आवडायची," तो म्हणाला. आणि पेटीचा स्क्रू पिळायला लागला. मग म्हणाला, "डीनला मी जास्त दिवस का ठेवलं होतं, आठवतं?"

"मी विसरेन?"

"रेल्वेच्या फाटकावर त्याला येणारी आगगाडी दिसलीच नव्हती. डोळे समोर होते, पण बघत नव्हते. मला ते डोळे कळतात. ब्रेक मी दाबला. आणि त्याला म्हटलं, छान थांबवलीस गाडी."

मला खुर्ची ओढून बसावंच लागलं. "मला सांगितलं नाहीस."

"पोराला सांगितलं नाही, तर तुला कसं सांगू? घाबरलेलं पोर पुन्हा चाकाला हात लावत नाही. सगळ्यांनाच असं म्हणायचो मी. दाबायचो मी आणि म्हणायचो, छान थांबवलीस."

"आणि आता? मी उद्या सकाळी सगळ्या हॉटेलात ओरडून सांगते!"

"नको," तो म्हणाला. आवाज चढवला नाही त्याने. "सांगायचं तर कोल्टन सांगेल. नाही तर नाही. गाडी त्याची आहे, वर्ना."

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, गावाला विचारा. तरी मी त्याला शब्द दिला. घरी येऊन लाइललाही सांगितलं नाही. जीभ चावून चावून फोड आले तोंडात.

मंगळवारी मोसमातला शेवटचा टीव्हीचा सामना. रेषेवर एक अनोळखी तरुण लाल टोपी घालून उभा. त्यालाही लोक ओरडत होते, पण त्यात गंमत नव्हती, त्याला कुणी नावाने ओळखत नव्हतं. पूर्वेचे बाक नेहमीसारखे भरलेले. आणि समोर, पश्चिमेच्या त्या ओस बाकांवर, मधोमध एक माणूस एकटा बसलेला. ऑरिन. इकडे त्याच्यासाठी कुणी जागा सरकवली नसती, हे त्याला ठाऊक होतं.

मी थोडा वेळ बघितलं. मग गोधडी काखेत मारली आणि उठले.

"कुठे निघालात, काकू?" डॅरलने विचारलं.

"तिकडे."

"तिकडे? त्याच्याकडे? आणि कॅमेऱ्यात दिसणार नाही तुम्ही!"

"मला बघून कुणाचं पोट भरणार आहे?"

मैदानाला वळसा घालून जाताना पूर्वेचे सगळे बाक माझ्या पाठीवर डोळे लावून होते, मला कळत होतं. 'ही का गेली? ही याला सामील आहे की काय?' इतकी वर्षं मी जशी लोकांकडे बघत आले, तसंच लोक माझ्याकडे बघत होते. फार वाईट लागतं ते, सांगते. मी जाऊन ऑरिनच्या शेजारी बसले आणि अर्धी गोधडी त्याच्या गुडघ्यांवर टाकली. तो म्हणाला, "बरं." या वेळी मला राग आला नाही.

आम्ही बोललो नाही फारसं, उद्या नेहमीच्या वेळेला कॉफीला ये एवढं मी बजावलं. पण मी एक बघितलं. मैदानात पोरं जोरात एकमेकांवर आदळली, की ऑरिनचा उजवा पाय खालच्या फरशीवर दाबला जायचा. दर वेळी. त्याला त्याची शुद्धही नव्हती. नजर चेंडूवर नाही, पोरांवर. खाली आमच्या संघाच्या बाकाशी कोल्टन साध्या कपड्यांत उभा होता, काळा चष्मा लावून. त्याने वळून वर बघितलं. ओस बाकांवर आम्ही दोघंच, दिसायला काय वेळ लागतो? तो बराच वेळ बघत राहिला.

दुसऱ्या सकाळी माझ्या हॉटेलात माझ्याशीच कुणी धड बोलेना. डॅरलचं टेबल खालच्या आवाजात कुजबुजत होतं आणि डॅरलला खालचा आवाज जमत नाही. "काकूंना काय दिलं असेल सरांनी?" ऐकलं मी. मूग गिळून अंडी फोडत राहिले. शब्द दिला होता ना!

मग दार उघडलं आणि कोल्टन आत आला.

"अरे, ये ये!" डॅरलने आरोळी दिली. "पाय कसा आहे? त्या लाल टोपीने आखडवलेला?"

कोल्टनने चष्मा काढला. उजेडाने डोळे बारीक झाले त्याचे. मी कढई तशीच सोडली, अंडी करपली तरी हलले नाही.

"पायाला काही झालं नव्हतं," तो म्हणाला.

आणि त्याने सगळं सांगितलं. उभ्याने, सगळ्यांसमोर, काही न लपवता. हिरव्यांच्या घोळक्यात जाऊन उभं राहिल्याचं सांगितलं तेव्हा कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. डॉक्टर काय म्हणाले तेही त्याने पुरतं सांगितलं, जे मला त्या दिवशी ऐकायचं नव्हतं ते. शेवटी म्हणाला, "बीट माझ्यामुळे हुकलं. सरांमुळे नाही. सरांमुळे मी इथे उभा आहे."

डॅरलचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. तो उठला, भिंतीपाशी गेला आणि त्या रिकाम्या खुंटीकडे बघत उभा राहिला. त्यालाही गाडी ऑरिननेच शिकवली होती, त्याच दोन ब्रेकच्या करड्या गाडीत. त्याच्या डोक्यात काय चाललं होतं ते मला सांगायला नको.

"काकू," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याला खालचा आवाज जमला. "सरांचा कप कुठे आहे?"

"मोरीखाली खोक्यात," मी म्हटलं. "धूळ बसलीय. नीट घासून आण. सर यायची वेळ झाली."